किट परत पाठवण्याआधी एकदा शंभरचा बल्ब लावून बघा

आमचं १५०० वॉटचं रेग्युलेटर किट (नॉब फिरवून बल्ब, शेगडी यांची पॉवर कमी-जास्त करणारं) ज्यांनी घेतलंय किंवा घ्यायचा विचार आहे, त्यांच्यासाठी हे पान. सोल्डरिंग येतं आणि टेस्टरनं फेज ओळखता येतो, एवढं धरून चाललोय. येत नसेल तर किट नको, आमच्याकडे जोडलेला तयार डबा मिळतो तो घ्या. २३० व्होल्टशी पहिली ओळख या किटवर करून घेऊ नका.

परत येणाऱ्या किटसोबत चिठ्ठी असते आणि मजकूर बहुधा एकच: "नॉब पूर्ण कमी केला तरी आउटपुटला २३० दाखवतंय. ट्रायॅक शॉर्ट आहे." ट्रायॅक म्हणजे किटमधला करंट चालू-बंद करणारा मुख्य भाग. आम्ही टेबलावर घेतो, पुढे १०० वॉटचा काचेचा पिवळा बल्ब लावतो, नॉब फिरवतो. बल्ब विझतो, लालसर होतो, पूर्ण पेटतो. किट चांगलं असतं. कुरिअरचे पैसे दोन्हीकडून गेलेले असतात.

मागच्या थंडीत विट्याकडचे एक पोल्ट्रीवाले किट घेऊन स्वतःच आले. पिल्लांच्या ब्रूडरसाठी, म्हणजे बल्बनं ऊब द्यायच्या जागेसाठी, नेलं होतं. घरी तपासायला एलईडी बल्ब लावला, तो बंदच होईना, नुसता लुकलुकत राहिला. इथे शंभरचा बल्ब लावल्यावर किट मुकाट्यानं चाललं. ते म्हणाले, "म्हणजे मी एसटीनं बल्ब बघायला आलो होय!" चहा पाजून पाठवलं, दुसरं काय करणार.

कारण साधं आहे. ट्रायॅकच्या दोन्ही टोकांवर आम्ही ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि एक रेझिस्टन्स दिलाय, त्याला स्नबर म्हणतात. लाइनमधल्या झटक्यांनी ट्रायॅक भलत्या वेळी पेटू, म्हणजे चालू होऊ, नये म्हणून तो आहे. त्यातून ५० हर्ट्झला ७ मिलिॲम्पियरच्या आसपास करंट कायम झिरपतो. शंभरच्या बल्बला ते जाणवतही नाही. पण आउटपुटला नुसता मीटर लावलात तर तो जवळजवळ काहीच करंट घेत नाही, म्हणून अख्खे २३० दाखवतो. एलईडी तेवढ्यावर मिणमिणतो. शिवाय ट्रायॅक एकदा पेटल्यावर पेटता राहायला ५० मिलिॲम्पियरपर्यंत करंट लागू शकतो. ९ वॉटचा एलईडी तो सलग ओढत नाही, म्हणून लुकलुक. झिरोच्या बल्बवरही तपासू नका, तोही अपुराच. काही जण स्नबर काढून टाकतात आणि "आता बरोबर चालतं" असं कळवतात. कृपया काढू नका. नॉब कमी करणं म्हणजे लाइन बंद करणं नव्हे. फेजमध्ये वेगळा स्विच लावा, आणि लोड काढता-घालताना तोच बंद करा.

लोड लावूनही मीटरचा घोळ उरतोच. साध्या मल्टिमीटरनं अर्ध्या पॉवरला ११५ व्होल्ट दिसतील, खरे असतात १६३ च्या आसपास. ट्रायॅक प्रत्येक १० मिलिसेकंदाच्या अर्ध्या लाटेचा पुढचा भाग कापतो, आणि साधा मीटर अखंड लाट गृहीत धरून आकडा काढतो. ट्रू आरएमएस मीटर (कापलेल्या लाटेचेही खरे व्होल्ट दाखवणारा) नसेल तर बल्बच्या उजेडावर विश्वास ठेवा. नॉब शून्यावरून वाढवताना बल्ब एकदम उजळतो आणि मग मागे आणल्यावर हवा तेवढा मंद होतो, तोही बिघाड नाही. ट्रायॅकला पेटवणारा छोटा भाग, डायॅक, साधारण ३२ व्होल्टला सुटतो, त्या सर्किटची ती खोडच आहे.

एक मात्र जिवाशी खेळ आहे. आम्ही बीटीए१६ नंबरचा ट्रायॅक देतो, त्याची पाठ आतून इन्सुलेटेड असते. तो उडाला की पुण्याच्या तपकीर गल्लीतून बीटी१३९ आणून बसवणारे आहेत, "तोही सोळा ॲम्पियरचाच" म्हणून. खरंय, पण त्याची पाठ थेट एका पायाला जोडलेली असते. हीटसिंकला (ट्रायॅकची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पट्टीला) करंट, हीटसिंकवरून पत्र्याच्या डब्याला करंट. बीटीए१६च आणा किंवा आमच्याकडून मागवा, पाकिटातून पाठवतो. डबा पत्र्याचा असेल तर अर्थिंग हवंच.

"सोळा ॲम्पियरचा ट्रायॅक आणि लिहिता १५००च वॉट?" असंही विचारतात. बाजारात याच मापाच्या बोर्डांवर ४००० छापलेलं आम्हीही पाहिलंय. १५०० वॉटला साडेसहा ॲम्पियर जातात, आणि तेवढ्यावरच ट्रायॅक ६-७ वॉट उष्णता टाकतो. किटमधला हीटसिंक तेवढ्याच बेताचा आहे. जास्त हवं असेल तर मोठ्या हीटसिंकचा डबा वेगळा बनवून देतो, वॉट कळवा.

शेगडीची कॉइल, पिशव्या सील करायची पट्टी, सोल्डरिंग गन सोडून साधी सोल्डरिंग आयर्न, ब्रूडरचे बल्ब, यांना किट उत्तम. ब्रूडरचे बल्ब थोडे कमी व्होल्टवर ठेवले तर टिकतातही जास्त. फॅनवाला रूम हीटर, ट्रान्सफॉर्मर, इंडक्शन शेगडी याला लावू नका. फॅन मंदावला की त्या हीटरची कॉइल तापून लाल होते.

हल्ली पिवळा बल्ब दुकानात पटकन मिळत नाही, हे मान्य. म्हणून आता प्रत्येक किटसोबत ६० वॉटचा एक बल्ब टाकतो, वेगळे पैसे नाहीत. तो लावून नॉब फिरवतानाचा छोटा व्हिडिओ पाठवा. त्यात बल्ब विझला नाही तर किट बदलून देऊ, कुरिअर आमच्याकडून.