डोक्यातल्या उवा (बेळगाव सीमाभाग)

ऊ म्हणजे माणसाच्या डोक्यात राहून रक्त पिणारा बिनपंखाचा किडा. शास्त्रीय नाव पेडिक्युलस ह्युमॅनस कॅपिटिस. पूर्ण वाढली की तिळाएवढी होते, २ ते ३ मिलिमीटर, आणि तिच्या अंड्याला लीख म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागात शेजारची कानडी बाई उवेला हेनु म्हणते आणि लिखेला सीरु, पण दुपारी कट्ट्यावर एकीमागं एक बसून डोकी बघायची पद्धत दोन्हीकडं सारखीच.

ऊ उडत नाही, उडीपण मारत नाही, कुत्र्या-मांजराकडनं येत नाही. ती फक्त चालते, एका केसावरनं दुसऱ्या केसावर, म्हणजे डोक्याला डोकं लागलं की झालं. एका वाकळेत झोपणाऱ्या बहिणी, ऊसतोडीच्या खोपीतली पोरं, सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला ट्रॉलीत दाटीवाटीनं झोपून जाणारं अख्खं घर. फणी, रिबीन, टॉवेल यातनंही येऊ शकते पण कमी, कारण डोक्यावरनं खाली पडलेली ऊ रक्ताविना एक-दोन दिवसात मरते. त्यामुळं घरभर औषध मारायची काही गरज नसते, गेल्या दोन दिवसात वापरलेल्या उशीच्या खोळी आणि टॉवेल कढत पाण्यात धुतले की पुरतं.

आणि उवा अस्वच्छतेनं होत नाहीत, हे खरंच प्रत्येक आईला सांगायला पाहिजे. रोज न्हाणाऱ्या पोरीच्या डोक्यातपण होतात, कारण पाणी पडलं की ऊ केस घट्ट धरून निपचित पडते आणि तासन्‌तास तशीच जगते. खाज येते ती तिच्या लाळेच्या अ‍ॅलर्जीनं, पहिल्यांदाच झाल्या असतील तर खाज सुरू व्हायलाच ४ ते ६ आठवडे जातात, म्हणजे आपल्याला कळतंय तोवर उवा महिनाभर डोक्यात असतात. मग कळल्या दिवशी पोरीला वर्गात वेगळं बसवून किंवा घरी पाठवून काय मिळणार? ती लाजते, घरचे लपवतात, आणि लपवलेल्या डोक्यातल्या उवा आणखी चार डोक्यात जातात.

जट

आमच्या भागात या लाजेच्या पुढंही एक गोष्ट आहे. डोक्यात उवा लई झाल्या, खाजवून खाजवून जखमा झाल्या, त्यातनं पू-पाणी आलं आणि दुखतंय म्हणून केस विंचरायचं सोडलं, की लिखा, खपल्या, मळ आणि तेल मिळून केस एकमेकाला चिकटतात आणि त्याचा दोरखंडासारखा गुंता होतो. हीच जट. प्रत्येक जट उवांनीच होते असं नाही, नुसतं न विंचरल्यानंही होते, पण उवा हे एक मोठं कारण. डॉक्टरी भाषेत याला प्लिका पोलोनिका म्हणतात, म्हणजे पोलंडची वेणी, कारण एकेकाळी तिकडंही हे घरोघरी दिसायचं आणि तिकडंही लोक ती कापायला घाबरायचे. इकडं जट आली म्हणजे यल्लम्मानं बोलावलं असं समजून कितीतरी पोरी देवाला सोडल्या गेल्या. कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं मुलगी देवदासी म्हणून सोडणं गुन्हा ठरवलं. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बायकांना समजावून, त्यांच्या मर्जीनं जटा कापतात. जट कापल्यानं काही वाईट होत नाही, मानेवरचं ओझं मात्र उतरतं.

उपाय

सगळी गोम लिखेच्या हिशोबात आहे. मादी जवळपास महिनाभर जगते आणि दिवसाला ६ ते १० लिखा घालते, कानामागं आणि मानेवर, केसाच्या मुळाशी. लीख ७ ते १० दिवसात फुटते आणि पिल्लू आणखी ९ ते १२ दिवसात अंडी घालायला तयार होतं. बरीच औषधं उवा मारतात, लिखा सगळ्या मरत नाहीत, म्हणून एकदा लावून सोडून दिलं की पंधरवड्यात परत तेच, आणि लोक म्हणतात औषध बोगस. मेडिकलमधलं १ टक्का पर्मेथ्रिन साध्या शाम्पूनं धुतलेल्या ओलसर केसांना १० मिनिटं लावून धुवायचं आणि ७ ते १० दिवसांनी परत लावायचंच. घरात ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ दिसते त्या सगळ्यांना एकाच दिवशी. त्यानं गेल्या नाहीत तर डॉक्टर आयव्हरमेक्टिन देतात, ती गोळी १५ किलोच्या आतल्या मुलांना आणि गरोदर बाईला देत नाहीत.

औषध नको असेल तर फणी. इस्रायलमधल्या लाखिशला सापडलेल्या सुमारे ३७०० वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती फणीवर डोक्यातल्या-दाढीतल्या उवा जाऊ देत असं कोरलेलं आहे, इतकं जुनं हे काम. केस ओले करून भरपूर कंडिशनर लावायचा, ऊ सुस्त होते, मग बारीक दाताची फणी कातडीपासनं टोकापर्यंत ओढायची आणि दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. दर ३-४ दिवसांनी, निदान दोन आठवडे. कोंडा बोटानं सरकतो, लीख सरकत नाही. मुळापासनं सेंटीमीटरभर लांब असलेली लीख बहुतेक फुटून गेलेली असते, ती बघून परत औषध ओतू नका.

रॉकेल कधीच नाही, चुलीजवळ केस पेटतात. सीताफळाच्या बियांची पूड आपल्याकडं सर्रास लावतात, पण ती डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, पोरं डोळा उघडू शकत नाहीत. शेतातली कीटकनाशकं तर हातातपण घेऊ नका. तंबाखूचं पाणीही तसंच, निकोटिन कातडीतनं अंगात भिनतं. डोक्यात पू झाला, मानेला गाठी आल्या तर आधी सरकारी दवाखाना गाठा, फणी नंतर.