साक्षरता (गोवा)

साक्षरता : लिहिण्यावाचण्याची क्षमता. सात वर्षे व त्यावरील वयाची जी व्यक्ती कोणत्याही भाषेत समजून वाचू आणि लिहू शकते, तिला भारतीय जनगणना साक्षर मानते. नुसते वाचता येणाऱ्याला नाही. या व्याख्येनुसार गोव्याचे प्रमाण २००१ मध्ये ८२.०१, तर २०११ मध्ये ८८.७० टक्के होते (पुरुष ९२.६५, स्त्रिया ८४.६६). ‘कोणत्याही भाषेत’ हे शब्द अन्यत्र सहज वाचून पुढे जाता येते. गोव्यात प्रश्न तिथूनच सुरू होतो. रोमीतले (रोमन लिपीतले) कोकणी प्रार्थनापुस्तक घडाघडा वाचणारी, पण कागदावर अंगठा उठवणारी दक्षिण गोव्याच्या साष्टी तालुक्यातील वृद्धा या व्याख्येत निरक्षर ठरते.

लिपी : गावकारीचे (गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचे) जुने हिशेब व ठराव गोंयकानडी (कंदवी) लिपीत लिहिले जात. तिचा उगम वादग्रस्त आहे. ‘कंदवी’ हे नाव कदंब राजघराण्यावरून आले असावे असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते ती स्वतंत्र लिपी नसून जुन्या कानडीचे घाईने लिहिलेले वळण आहे. अक्षरांची ठेवण पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. व्यापारी पत्रव्यवहारात मोडी आणि पोथीत बाळबोध, अशी पुढे कामाची वाटणी झालेली दिसते.

१५५६ मध्ये छापखाना गोव्यात आला, पण देशी लिपी छापली गेली नाही. थॉमस स्टीफन्स या जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मप्रसारकाने १६०८ च्या पत्रात याचे कारण दिले आहे : युरोपीय लिपीला चोवीस अक्षरे पुरतात, इथली अक्षरे ‘अवयवी’ (प्रत्येक उच्चारखंडाला वेगळे चिन्ह असणारी) असल्याने सहाशे ठसे लागतील. परिणामी त्याचे क्रिस्तपुराण – सुमारे अकरा हजार मराठी ओव्या – १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ते वाचणाऱ्याला मराठी येत होती, पण पोथी वाचता येईलच असे नव्हते. लिपी आणि भाषा यांची ही फारकत गोव्यात टिकून राहिली. १६८४ च्या आज्ञेने तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलण्याचे बंधन घातले. ते प्रत्यक्षात कितपत पाळले गेले याबद्दल दुमत आहे.

शाळा : ख्रिस्ती वाड्यांत चर्चच्या शाळेत मेस्त (शिक्षक) वाचनासोबत संगीतही शिकवी. हिंदू वाड्यांत हे काम शेणयमामाकडे, म्हणजे गावच्या पंतोजीकडे, होते. देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत) किंवा एखाद्या भाटकाराच्या (जमीनदाराच्या) ओसरीवर मुले बसत. धूळपाटीवर बोटाने ‘ओनामा’ गिरवायचा, मग बाराखडी, पाढे, पावकी-निमकी. ‘शेणय’ म्हणजेच ‘शेणवी’ या शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल दोन मते आहेत. परंपरा तो साष्टीतील सहासष्ट व तिसवाडीतील तीस गावे मिळून होणाऱ्या ‘शहाण्णव’शी जोडते. दुसरे मत त्याला कानडी शिलालेखांतील ‘सेनबोव’ म्हणजे गावचा लेखनिक या शब्दाशी नेऊन भिडवते. ध्वनिबदलाची अडचण दोन्हीकडे आहे. मात्र हिशेब लिहिणारा तोच शिकवणारा, हे दुसऱ्या मताने चांगले उलगडते.

१९०८ मध्ये पणजीत स्थापन झालेल्या मुष्टीफंड संस्थेचे नावच घरोघर काढून ठेवलेल्या मूठभर तांदळावरून आले. १९१० च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकानंतर हिंदूंना समान हक्क मिळाले आणि मराठी शाळा वाढल्या. फोंड्याचे गोवा विद्याप्रसारक मंडळ १९११ चे. मुक्तीनंतर (१९६१) पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या काळात सरकारी मराठी प्राथमिक शाळा गावोगाव पोचल्या. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली, मराठीला शासकीय वापराची मुभा राहिली. रोमी बाहेर राहिली. माध्यम व अनुदानाचे वाद १९९० पासून चालू आहेत.

वाचन शिकवण्याच्या पद्धती : चौतीस व्यंजनांची बाराखडी म्हणजे ४०८ घरे. ती पाठ करून वाचन येते, हा शेणयमामाचा विश्वास. पाठांतर येते, शब्द अडतो, हा त्यावरचा जुना आक्षेप. त्यातून ग-म-भ-न असे आकारसाम्याचे अक्षरगट आणि शब्द-वाक्य पद्धती आल्या. गोव्यात मात्र अडचण पद्धतीच्या आधीची आहे. ‘क कमळाचा’ हे चित्र पाहून कोकणी बोलणारे मूल ‘साळक’ म्हणते. ‘क’ तिथे सापडतच नाही. ‘मांजरा’च्या ‘म’वर निभावते, कारण घरी ‘माजर’ असते. ‘कुत्रा’ दिसला की पुन्हा ‘सुणो’. अशा उत्तराला चूक धरणे हे वाचनाचे नव्हे, मराठी शब्दसंग्रहाचे मोजमाप झाले.

नवी व्याख्या : २०२० च्या शिक्षण धोरणाने तिसरीपर्यंत पायाभूत वाचन व गणन येण्यावर भर दिला. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२४ मध्ये साक्षरतेत आकडेमोड, डिजिटल व आर्थिक व्यवहारांची जाण धरली आणि ९५ टक्के म्हणजे पूर्ण साक्षर असे ठरवले. ३० मे २०२५ रोजी गोवा पूर्ण साक्षर घोषित झाला. राज्याच्या पाहणीत ९९.७२ टक्के, तर २०२३-२४ च्या केंद्रीय श्रमबल सर्वेक्षणात ९३.६. दोन पाहण्यांच्या रीती वेगळ्या असल्याने आकडे शेजारी ठेवून फारसे काही हाती लागत नाही. पोर्तुगीज काळातले जमिनीचे दस्त अजूनही वाटणीच्या वेळी बाहेर येतात, आणि ते वाचायला पदवीधरालाही भाषांतरकार गाठावा लागतो.