जुने बॉक्स ॲक्टिव्ह करून घेण्याआधी

(आर्वीच्या आमच्या दुकानात येणाऱ्या ग्राहकांसाठी)

जुन्या स्पीकर बॉक्सच्या मागची पट्टी उघडली की आत प्लायच्या तुकड्यावर तांब्याच्या दोन कॉईल, दोन-तीन कंडेन्सर आणि एखादा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर दिसतो. हेच ते नेटवर्क. ॲम्पकडून (ॲम्प्लिफायरकडून) आलेला आवाज ते वाटून देते, जाड आवाज वूफरला आणि बारीक आवाज ट्विटरला. बॉक्स सोनोडाइनचा असो, कॉस्मिकचा असो की गावच्या मिस्त्रीने ठोकलेला, तत्त्व एकच. बॉक्स ॲक्टिव्ह करणे म्हणजे हे नेटवर्क काढून तेच वाटप ॲम्पच्या आधी करणे.

चाळीस वर्षांत यातला कंडेन्सर आधी म्हातारा होतो. परवाच एका बॉक्समधला ४.७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आमच्या मीटरवर ६ च्या वर गेला. असा कंडेन्सर ट्विटरला नको तेवढ्या खालचे सूर पाठवतो, आणि वय झाल्यामुळे स्वतःच थोडा आवाज गिळतोही. म्हणून आमचे पहिले सांगणे, दुकानदाराच्या तोंडी शोभत नसले तरी, हेच असते : आधी कंडेन्सर बदलून पाहा. काही शे रुपयांत भागत असेल तर हजारो कशाला घालता?

मग ॲक्टिव्हने काय साधते?

जुन्या पद्धतीत वाटप ॲम्पच्या नंतर, भरल्या करंटवर होते. कॉईल कितीही जाड गुंडाळा, तिचा थोडा रोध वूफरच्या वाटेत उभाच राहतो आणि ॲम्पची पकड सैल पडते. तबल्याच्या डग्ग्यावर मनगट दाबून काढलेला घुमार थांबायच्या जागी थांबत नाही, लोंबत राहतो. ट्विटर जास्त मोठ्याने बोलत असेल, तर त्याला वूफरच्या पातळीवर आणायला रेझिस्टर तापवावा लागतो.

ॲक्टिव्हमध्ये वाटप ॲम्पच्या आधी, बारीक सिग्नलवर होते. वूफरला स्वतःचा ॲम्प, ट्विटरला स्वतःचा, म्हणजे जोडीला चार चॅनल. डग्ग्याच्या ठोक्याला वूफरचा ॲम्प फाटला तरी ती फाट ट्विटरपर्यंत जात नाही, खंजिरीच्या झांजा स्वच्छ राहतात. तुकडोजी महाराजांची भजने ऐकणाऱ्या घरांत हा फरक पहिल्याच मिनिटाला कळतो.

वाटपासाठी आम्ही बहुतेक वेळा लिंकविट्झ-रायली फिल्टर वापरतो. लिंकविट्झ आणि रायली या दोघांनी तो १९७६ मध्ये मांडला. वूफर आणि ट्विटर यांच्यामधली सीमा २,५०० हर्ट्झ धरली, तर तिच्या एक सप्तक खाली ट्विटरकडे जाणारा आवाज जवळजवळ २४ डेसिबल उतरलेला असतो. वूफरचा कोन (शंकू) ट्विटरपेक्षा दोन-अडीच सेंटीमीटर आत असतो, त्यामुळे त्याचा आवाज मागून पोहोचतो. २,५०० हर्ट्झची लाटच मुळात १४ सेंटीमीटरची, तिथे अडीच सेंटीमीटर थोडे नाहीत. डीएसपीत, म्हणजे हे वाटप आकडेमोडीने करणाऱ्या चिपमध्ये, ट्विटरला तेवढे थांबवता येते. साध्या नेटवर्कला हे सहज जमत नाही.

जुळले की नाही हे पाहायला आम्ही ट्विटरच्या वायरी मुद्दाम उलट्या जोडतो. सीमेवर आलेखात खोल खड्डा पडला, की समजायचे वेळ बरोबर बसली. मग वायरी पुन्हा सरळ. हे मोजमाप दुकानात होत नाही, भिंती आवाज परत फेकतात. पहाटे, वारा पडलेला असताना, अंगणात रिकाम्या बैलबंडीवर बॉक्स ठेवून एक मीटरवर माईक लावतो. कोंबडा आरवला की पुन्हा पहिल्यापासून! तेव्हा ‘काम आजच करून द्या’ असा आग्रह धरू नका.

लाईट जाते-येते, त्याचे काय?

ॲक्टिव्हमध्ये ट्विटर थेट ॲम्पला जोडलेला असतो, मध्ये राखणदार कोणी नाही. लाईट परत आली की डीएसपीला जागे व्हायला वेळ लागतो, ॲम्प मात्र तयार असतो, आणि मधला ‘ठाप’ सरळ ट्विटरवर जातो. एकदा आमच्याच टेबलावर डीएसपीत रिकामा प्रोग्रॅम लोड झाला आणि गाणे सुरू करताच अख्खा जाड आवाज ट्विटरमध्ये शिरला. धूरही निघाला नाही, नुसता मुका झाला. त्याचे पैसे अर्थातच आमच्या खिशातून गेले.

तेव्हापासून दोन गोष्टी प्रत्येक कामात असतात. ॲम्पच्या पुढे थोडे थांबून जोडणारा रिले, आणि ट्विटरच्या वाटेत २० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. ८ ओमच्या ट्विटरसोबत तो साधारण १,००० हर्ट्झच्या खालचा आवाज अडवू लागतो. आमची सीमा त्याच्या बरीच वर असते, आणि त्याचा जो थोडा परिणाम उरतो तो मोजमापातच धरलेला असतो. कोणी सांगेल की यानेही आवाज बिघडतो. बिघडू द्या, जुन्या कंपनीचा ट्विटर आता मिळत नाही.

शेतीपंप सुरू झाले की ज्यांच्या घरी व्होल्टेज १७०-१८० वर येते, त्यांनी स्टॅबिलायझर ठेवावा. चार चॅनल आणि डीएसपी म्हटले की घुर्र घुर्र हम येण्याच्या वाटाही वाढतात. त्यावर उपाय म्हणून अर्थिंगची पिन काढू नका, जिवावर बेतेल. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका.

आम्ही कशाला हात लावत नाही

ट्विटर मुका, वूफरचा फोम झडलेला किंवा प्लायला वाळवी लागलेली असेल, तर आधी ती दुरुस्ती. बीबीसीच्या एलएस३/५ए सारखी नावाजलेली स्पीकरची जोडी कोणाकडे निघालीच, तर तिचे नेटवर्क काढणार नाही. ते त्या दोन ड्रायव्हरांसाठी मोजून घडवलेले आहे आणि जोडीची किंमतही त्यावरच टिकते.

बॉक्सला आम्ही नवीन भोक पाडत नाही. मागच्या पट्टीच्या जागी चार पिनांचे स्पीकॉन (स्पीकरच्या वायरीचे सॉकेट) लावलेली पट्टी बसते, म्हणजे वूफर-ट्विटरची अदलाबदल व्हायची सोय उरत नाही. ॲम्प बॉक्सच्या बाहेरच राहतात. मे महिन्यात बंद बॉक्सात ते भाजून निघतील.

येताना दोन्ही बॉक्स आणा, एकच नको. बंडीने किंवा ऑटोने आणत असाल तर कोनाच्या बाजूला गोधडी लावा. जुने नेटवर्क आणि पट्टी पिशवीत घालून, वायरींवर चिठ्ठ्या लावून परत देतो. ती पिशवी भंगारात घालू नका.