उन्हातला घडा: चंद्रकलांची उकल कशी झाली?

चंद्र लहान-मोठा का होतो, असं चौथी-पाचवीतल्या मुलांना विचारा. "पृथ्वीची सावली पडते म्हणून," असं निम्मा वर्ग तरी ठामपणे सांगतो. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त ग्रहणात, आणि चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होतं. रोजच्या कलांशी तिचा काही संबंध नाही. हा घोळ आपल्याकडे दीड हजार वर्षांपूर्वीच सुटला होता, म्हणून तो वर्गात पुन्हा पुन्हा ऐकताना फार चुटपुट लागते.

त्याआधी होती ती गोष्ट. दक्षाच्या सत्तावीस मुली चंद्राला दिल्या, त्याचा जीव मात्र रोहिणीवर. सासऱ्याने शाप दिला, चंद्र झिजू लागला. मग उःशाप मिळाला: पंधरवडाभर झिजशील, पंधरवडाभर वाढशील. या गोष्टीत आकाशाकडे नीट पाहिलेलं आहे. सत्तावीस मुली म्हणजे सत्तावीस नक्षत्रं. आज एका ताऱ्याजवळ दिसलेला चंद्र सुमारे 27.3 दिवसांनी पुन्हा तिथे येतो. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत मात्र सुमारे 29.5 दिवस लागतात, कारण तेवढ्या काळात पृथ्वीही सूर्याभोवती पुढे सरकलेली असते.

इ.स. 499 मध्ये आर्यभटाने लिहिलं, की पृथ्वी आणि ग्रह यांच्या गोलांचा सूर्याकडचा अर्धा भाग उजळ असतो आणि उरलेला स्वतःच्याच सावलीने काळा. ग्रीसमध्ये अॅनॅक्सागोरसने चंद्राचा प्रकाश सूर्याचा आहे हे त्याच्याही कितीतरी आधी ओळखलं होतं. पण मुलांसाठी मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो सहाव्या शतकातला वराहमिहिर. 'बृहत्संहिते'त तो म्हणतो, चंद्राचा अर्धा भाग सूर्यकिरणांनी नेहमी उजळलेला असतो आणि दुसरा स्वतःच्या छायेने काळा, उन्हात ठेवलेल्या घड्यासारखा.

घडा! अंगणात ठेवा आणि मुलांना त्याच्याभोवती फिरायला सांगा. घडा तोच, ऊन तेच. पण कुठून उजळ अर्धा पूर्ण दिसतो, कुठून फक्त कड, कुठून नुसता काळोखा भाग. हे दिसणं म्हणजेच कला.

पंचांगातली तिथीही याच हिशेबावर उभी आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर 12 अंशांनी वाढलं की एक तिथी. अशा 30 तिथींचा चांद्रमास. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो, हे तर संकष्टीचा उपास करणाऱ्या घरातल्या मुलांना पुस्तकाविना ठाऊक असतं. पौर्णिमेचा चंद्र दिवेलागणीला हजर, संकष्टीचा मात्र जेवणाची ताटं खोळंबून ठेवतो.

शुक्ल अष्टमीला दुपारी साडेचारच्या सुमारास आकाश निरभ्र असेल तर मुलांना मैदानावर न्या. पूर्वेच्या बाजूला चंद्र दिसेल, अर्धा. उन्हात उभं राहून एक पांढरा चेंडू हात लांब करून चंद्राच्या शेजारी धरायला सांगा. चेंडूही अर्धाच उजळलेला दिसतो, आणि उजळ बाजू दोघांचीही मावळतीकडे.