शॉक बदलले की बसलेली गाडी वर येते?

"जुनी स्पोर्ट्स कार मागून बसली की मागचे शॉक (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बदला, गाडी वर येते" असं कायम फिरत असतं. वाटणं साहजिकच आहे, पण १९६२ ते १९८० ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्या, तिचं मागचं वजन पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) असतं, लिव्हरवाला शॉक आतल्या तेलाने फक्त गाडीची उसळी आवरतो. बघायचंय? चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा, शॉकची लिंक (लिव्हरला ॲक्सलशी जोडणारा दांडा) सोडा, गाडी दाबून हलवा आणि परत मोजा, माप जवळपास तेच येतं (अशी गाडी चालवू मात्र नका). म्हणजे बसली असेल तर पाटे बघा. लिंक सुटलीच आहे तर शॉकचा लिव्हर वरखाली करून बघा, मध्येच मोकळा पडला तर आधी तेल तपासा.