घड्याळ थांबते ते नाडीवर

आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या म्हणजे एफईआयच्या नियमांनुसार होणाऱ्या एंड्युरन्स स्पर्धेत, तीन तारांकित श्रेणीत, घोडा आणि रायडर यांना एका दिवसात 140 ते 160 किलोमीटर अंतर कापावे लागते. हे अंतर सलग नसते. प्रत्येक टप्पा जास्तीत जास्त 40 किलोमीटरचा असतो आणि तो संपला की पशुवैद्यकीय तपासणी होते. या तपासणीच्या जागेला ‘व्हेट गेट’ म्हणतात. या स्तरासाठी रायडर तयार करायचा म्हणजे काय, हे त्या फाटकापाशी घटकाभर उभे राहिले तरी ध्यानात येते.

घोडा आवारात पोहोचला म्हणून त्या टप्प्याची वेळ थांबत नाही. त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 64 किंवा त्याहून खाली आल्यावर रायडर त्याला तपासणीसाठी पुढे नेतो आणि घड्याळ तेव्हा थांबते. यासाठी 15 मिनिटांची मुदत असते. तेवढ्यात ठोके उतरले नाहीत तर घोडा बाद होतो. समजा, 35 किलोमीटरचा टप्पा एकाने ताशी 20 च्या वेगाने 105 मिनिटांत आणि दुसऱ्याने ताशी 19 च्या वेगाने सुमारे साडेपाच मिनिटे उशिरा संपवला. पहिल्याच्या घोड्याला ठोके उतरायला 11 मिनिटे आणि दुसऱ्याच्या घोड्याला 3 मिनिटे लागली, तर मागून आलेलाच अडीच मिनिटांनी पुढे निघतो, शिवाय त्याचा घोडा ताजातवाना असतो. शेवटच्या टप्प्यात मात्र रेषा ओलांडताच वेळ थांबते. तरी त्यानंतरच्या तपासणीत घोडा नापास झाला तर जिंकलेली शर्यतही हातची जाते.

म्हणून जाणता रायडर टप्प्याच्या शेवटच्या किलोमीटरमध्येच वेग उतरवतो. अनेकदा तो खाली उतरून घोड्याच्या बरोबरीने चालत येतो. मदतनीस तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, सैल करतात, खोगीर उतरवतात आणि मानेवर, छातीवर, पायांच्या आतल्या बाजूला थंड पाण्याचा मारा सुरू ठेवतात. कोणी तरी डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून ठोके मोजत असतो. पुढे पशुवैद्य एक साधी पण बोलकी चाचणी घेतात. ठोके मोजून घोड्याला 40 मीटर नेऊन परत आणेपर्यंत दुडकीने पळवतात आणि दुडकी सुरू झाल्यापासून एका मिनिटाने ठोके पुन्हा मोजतात. दुसरा आकडा पहिल्याहून बराच वाढलेला असेल, तर थकवा किंवा वेदना आत दडलेली असण्याची शंका येते.

नवख्या रायडरला सर्वांत जास्त चकवते ती घोड्याची तहान. माणसाचा घाम रक्तापेक्षा कमी खारट असल्याने घाम गेला की रक्तातील क्षारांचे प्रमाण वाढते आणि मेंदू तहानेचा इशारा देतो. घोड्याच्या घामात मात्र क्षार भरपूर असतात. पाण्याबरोबर तेही निघून गेल्यामुळे रक्ताचा खारटपणा फारसा वाढत नाही, आणि उन्हात तासाला 10 लिटरहून अधिक घाम गाळणारा घोडा पाण्याच्या बादलीकडे पाठ फिरवून उभा राहतो. ‘त्याला तहान नाही’ हा निष्कर्ष इथे घातक ठरतो. हिरड्या बोटाने दाबून सोडल्यावर त्यांचा रंग किती वेळात परततो, मानेवरच्या कातडीची चिमट घेतल्यावर ती किती पटकन सपाट होते आणि पोटातून आतड्यांची गुरगुर ऐकू येते का, हे रायडरने सरावातच इतके पाहिलेले असावे, की घोड्याचे नेहमीचे काय आणि आजचे वेगळे काय, हे त्याला चटकन कळेल.

रायडरच्या स्वतःच्या शरीराचा विचार बहुधा उशिरा होतो, हे माझ्या मते या खेळातले जुने दुर्लक्ष आहे. आठ-दहा तास खोगिरात काढल्यावर पोटाचे आणि पाठीचे स्नायू थकले, की माणूस नकळत एका रिकिबीवर भार टाकू लागतो. तो एकांगी भार दुडकीच्या प्रत्येक पावलागणिक घोड्याच्या पाठीवर आदळतो आणि संध्याकाळच्या तपासणीत पशुवैद्याच्या बोटाखाली घोडा पाठ चोरतो. म्हणून धावणे, धड मजबूत करणारे व्यायाम आणि दुडकीच्या तालावर खोगिरात उठ-बस करताना, घोड्याच्या कोणत्या पुढच्या पायाबरोबर उठायचे ती बाजू ठरावीक वेळाने बदलण्याची सवय ही तयारी आवश्यक असते. रायडरने स्वतःही वेळेवर पाणी प्यायला हवे, कारण पाणी कमी पडले की सावधपणा आधी जातो.

नवशिक्यांच्या पात्रता फेऱ्यांत ताशी 16 किलोमीटरची वेगमर्यादा असते, तिचे मोल इथे कळते. कारण त्या वेगात शिकायला सवड मिळते. या काळात करून पाहण्याजोगा एक सराव आहे. घोड्याला हृदयमापक लावलेला असतो, पण त्याचा मनगटावरच्या घड्याळात दिसणारा आकडा रायडरने लगेच बघायचा नाही. आधी श्वासाची लय, मानेची ठेवण आणि पावलांचा आवाज यांवरून ठोक्यांचा अंदाज मोठ्याने सांगायचा आणि मगच नजर खाली वळवायची. सुरुवातीला चढावर 120 सांगितले जाते आणि यंत्र 150 दाखवते. हा फरक चार-पाच ठोक्यांवर येईपर्यंत वेग वाढवण्याची घाई करू नये.