मांजऱ्याच्या पोटातले स्फटिक

जुन्या खाणींतले रंगीत स्फटिक म्हटलं की आधी आठवतात तांब्याच्या खाणी. नामिबियातली त्सुमेबची खाण १९९६ साली बंद पडली, पण तिथला गडद निळा अझुराइट आजही जगभरच्या संग्रहालयांत मिरवतोय. तांब्याच्या धातुकाला हवा-पाणी लागलं की असे निळे-हिरवे रंग उमटतात. सोलापुरात तांबं नाही. आपली खाण म्हणजे दगडखाण, खडी पाडायची. पण कुठं बघायचं ते कळलं, तर तीही रिकाम्या हातानं पाठवत नाही.

आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर साचलेला. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे वर चढले आणि थराच्या माथ्याजवळ अडकले. दगड थिजला, पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्यानं कॅल्शियम, सोडियम, सिलिका विरघळवून या पोकळ्यांत आणून सोडलं. स्फटिक वाढले ते त्यातून, अगदी सावकाश. म्हणून खाणीतल्या घट्ट काळ्या पाषाणात वेळ घालवू नये. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, तो पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा शोधावा.

या पोकळ्यांतल्या खनिजांपैकी स्टिल्बाइट ओळखायला सोपा: मधोमध आवळलेली कडब्याची पेंढी, दोन्ही टोकं फुललेली. दुसरं खनिज अपोफिलाइट. त्याच्या माथ्यावर मोतिया झाक असते, बाजू मात्र काचेसारख्या झळकतात. पांढरा खडा कॅल्साइट की गारगोटी, असा पेच पडला तर चाकूनं ओरखडून बघा. कॅल्साइटवर चरा पडतो, गारगोटी दाद देत नाही.

रंगांची गंमत वेगळीच. अपोफिलाइट एरवी बिनरंगी. व्हॅनेडियम या धातूचा लेश शिरला की हिरवा होतो. पुण्याजवळच्या वाघोलीच्या कॅव्हन्साइट या खनिजामध्ये मात्र व्हॅनेडियम हा मूळ घटकच, त्यामुळे तो निळाच असतो.

बंद खाणीची भिंत ठोकायचा मोह आवरा. सुरुंगांनी तिला आतून तडे गेलेले असतात. मालकाला विचारून बाहेरचा ढिगारा चाळावा, तिथंही पुष्कळ मिळतं. घरी आणल्यावर फरशीचं ॲसिड तर मुळीच वापरू नका. कॅल्साइट फसफसून विरघळतो आणि स्टिल्बाइटचीही चमक जाते. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरतं. सोबत चिठ्ठी हवीच: गाव, खाण, तारीख आणि कितव्या थरातला ते. ‘सोलापूर जिल्हा’ एवढंच लिहिलेला नमुना अभ्यासकाच्या फारसा कामाचा नाही, मग तो कितीही देखणा असो.